बिल्ड स्क्रिप्टमधल्या स्वतःच्या फंक्शन्सना एडिटरमध्ये रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीमेक किंवा मेक ही बिल्डची (कोडपासून प्रोग्राम बांधण्याची) साधनं वापरणाऱ्या प्रत्येक टीमकडे थोड्याच दिवसांत स्वतःची फंक्शन्स आणि मॅक्रो जमा होतात. एडिटर मूळच्या आज्ञा ओळखतो आणि रंगवतो, पण आपण लिहिलेली नावं मात्र साध्या मजकुरासारखी फिकी राहतात. ती रंगात कशी आणायची, हे मला सतत विचारलं जातं. खालची उत्तरं मुख्यतः व्हिम हा एडिटर आणि सीमेक धरून दिली आहेत, कारण माझं रोजचं काम त्यातच चालतं. बाकीच्या एडिटरांपुरतं जे वेगळं आहे ते पुढे येईल.

वाचण्यापूर्वी एक सूचना: आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती त्यांच्या मूळ रोमन स्पेलिंगनंच टंकायची.

रंग नसला म्हणून बिघडतं काय? बिल्ड तर चालतंच.

बिल्ड चालतं, आणि तीच तर अडचण आहे. आमच्या एका प्रकल्पात फर्मवेअर तयार करायला 'ॲड_फर्मवेअर' नावाचं फंक्शन होतं. त्याला 'सोर्सेस' आणि 'डिफाइन्स' या शब्दांपुढे दोन याद्या द्यायच्या, आणि शेवटी 'स्ट्रिप_सिंबॉल्स' एवढा एकच शब्द लिहिला की तयार बायनरीतून डिबगची माहिती काढून टाकली जायची. एका फाइलीत हा शब्द शेवटच्या 'एस'शिवाय लिहिला गेला. सीमेकनं हूं की चूं केलं नाही. कंपायलरनं केलं नाही. बायनरी मात्र फुगलेली बाहेर पडत राहिली, आणि आम्ही बराच काळ लिंकरच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसलो.

झालं होतं ते असं. फंक्शनला दिलेले शब्द वेगळे करणारी 'सीमेक_पार्स_आर्ग्युमेंट्स' ही आज्ञा ते डावीकडून उजवीकडे वाचत जाते. ओळखीचा कीवर्ड आला की नवा विभाग सुरू होतो. अनोळखी शब्द आला तर तो चालू असलेल्या यादीत जाऊन पडतो. आमचा चुकलेला शब्द 'डिफाइन्स'च्या यादीनंतर आला होता, म्हणून तो आणखी एक डिफाइन समजून कंपायलरकडे पाठवला गेला. निरुपद्रवी डिफाइन, त्यामुळे तक्रार करायला कोणालाच कारण नव्हतं. 'अनपार्स्ड_आर्ग्युमेंट्स' (कुठल्याच यादीत न बसलेले शब्द) रिकामं आहे की नाही हे फंक्शनच्या आत तपासावं असा सल्ला देतात, आणि तो चांगलाच आहे, पण इथं त्यानंही काही हाती लागलं नसतं. यादीनं शब्द आधीच गिळला होता.

त्या फाइलीत बरोबर लिहिलेले कीवर्ड रंगात असते, तर तो एक शब्द फिका राहिला असता आणि टंकणाऱ्याला तिथल्या तिथं खटकला असता.

जीएनयू मेकमध्ये तर याहून वाईट. '$(कॉल …)' मध्ये अस्तित्वातच नसलेलं नाव दिलं की त्याची किंमत रिकामी येते. त्रुटी नाही, थांबणं नाही. '--वॉर्न-अनडिफाइन्ड-व्हेरिएबल्स' हा पर्याय देऊन मेक चालवलं तर इशारा मिळतो, पण तो पर्याय रोज देणारे फार कमी.

म्हणजे फंक्शनच्या नावापेक्षा त्याच्या कीवर्डना रंग देणं जास्त महत्त्वाचं?

सीमेकमध्ये, हो. फंक्शनचं नाव चुकलं तर सीमेक 'अननोन सीमेक कमांड' म्हणून जागच्या जागी थांबतं. कीवर्ड चुकला तर वर सांगितल्याप्रमाणे गप्प राहतं. बहुतेक लोक फंक्शनच्या नावांना रंग दिला की काम झालं असं समजतात. माझा आग्रह आहे की वेळ एकाच गोष्टीसाठी असेल तर आधी कीवर्ड रंगवा.

मेकमध्ये उलट आहे. तिथं नावच गुपचूप रिकामं होतं, म्हणून नावांना रंग हवा.

कंसाआधी येणारा कोणताही शब्द रंगवणारा एकच पॅटर्न लिहिला तर? यादी सांभाळायला नको.

कृपा करून तसं करू नका. कंसाआधीचा प्रत्येक शब्द रंगला तर बरोबर नावही रंगतं आणि चुकलेलंही. फाइल सुंदर दिसते, पण रंगाला अर्थ उरत नाही. रंगाचा अर्थ 'हे नाव खरोखर आहे' असा असायला हवा, आणि त्यासाठी यादीच लागते. ती हातानं सांभाळावी लागत नाही. त्याचं उत्तर पुढे आहे.

व्हिममध्ये ही भर कुठं घालायची?

होम फोल्डरमधल्या '.व्हिम' फोल्डरात 'आफ्टर' नावाचं फोल्डर करा, त्यात 'सिंटॅक्स', आणि त्यात 'सीमेक.व्हिम' ही फाइल. विंडोजवर '.व्हिम'च्या जागी 'व्हिमफाइल्स' असतं, आणि निओव्हिममध्ये '.कॉन्फिग/एनव्हिम'.

'आफ्टर' हा शब्द इथं महत्त्वाचा आहे. हीच फाइल 'आफ्टर'शिवाय थेट 'सिंटॅक्स' फोल्डरात ठेवली तर ती व्हिमसोबत आलेल्या फाइलीच्या आधी वाचली जाते. तिच्यात 'बी:करंट_सिंटॅक्स' हे व्हेरिएबल लावलेलं असेल, तर मूळ फाइल ते पाहून लगेच बाहेर पडते आणि सीमेकचे सगळे मूळ रंग गायब होतात. 'आफ्टर'मधली फाइल मात्र मूळ फाइल पूर्ण वाचून झाल्यावर येते, त्यामुळे आहे त्यात भर पडते आणि काही मोडत नाही.

फाइल खरंच वाचली गेली का, हे ':स्क्रिप्टनेम्स' या आज्ञेनं कळतं. वाचलेल्या सगळ्या फाइली क्रमानं दिसतात. आपली फाइल मूळ फाइलीच्या खाली असायला हवी.

मूळ फाइलच उघडून तिच्यात शब्द घालू नका. व्हिमची पुढची आवृत्ती आली की ती पुसली जाते. शिवाय सीमेकची ती फाइल कोणी हातानं लिहिलेली नाही. सीमेकच्या मूळ कोडमध्येच एक पर्ल स्क्रिप्ट आहे, जी दस्तऐवजांतून शब्द गोळा करून ती तयार करते. आपणही पुढे तोच मार्ग धरणार आहोत.

त्या फाइलीत नेमकं काय लिहायचं?

सहा ओळी पुरतात:

'सिंटॅक्स केस इग्नोर'
'सिंटॅक्स कीवर्ड प्रोजेक्टकमांड ॲड_फर्मवेअर ॲड_बोर्ड_टेस्ट'
'सिंटॅक्स केस मॅच'
'सिंटॅक्स कीवर्ड प्रोजेक्टकीवर्ड कंटेन्ड सोर्सेस डिफाइन्स स्ट्रिप_सिंबॉल्स'
आणि शेवटी 'प्रोजेक्टकमांड' आणि 'प्रोजेक्टकीवर्ड' या दोन्ही गटांसाठी 'हायलाइट डीफॉल्ट लिंक', पहिला 'फंक्शन'ला आणि दुसरा 'टाइप'ला जोडलेला. ही ओळ दोनदा लिहायची, म्हणजे मोजून सहा झाल्या.

'केस'च्या दोन ओळी लोक गाळतात, पण त्यांच्यामागे कारण आहे. सीमेकमध्ये आज्ञांच्या नावांत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा भेद नाही. 'ॲड_फर्मवेअर' सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तरी तेच फंक्शन चालतं. कीवर्डच्या बाबतीत मात्र भेद आहे. 'सोर्सेस' स्मॉल अक्षरांत लिहिलं तर 'सीमेक_पार्स_आर्ग्युमेंट्स' ते ओळखणार नाही. म्हणजे नावांना 'इग्नोर' आणि कीवर्डना 'मॅच'. दोन्हींना 'इग्नोर' लावलंत, तर स्मॉल अक्षरांतला चुकीचा 'सोर्सेस'ही रंगात दिसेल आणि रंग खोटं बोलेल. या दोन ओळी त्यांच्यानंतर येणाऱ्या नियमांनाच लागू होतात, म्हणून त्या योग्य जागी हव्यात.

'कंटेन्ड' म्हणजे हा शब्द स्वतंत्रपणे न रंगवता दुसऱ्या एखाद्या भागाच्या आत आला तरच रंगवायचा. व्हिमच्या सीमेक फाइलीत कंसातला मजकूर 'सीमेकआर्ग्युमेंट्स' या रीजनमध्ये (सुरुवात आणि शेवट ठरवून दिलेल्या भागात) येतो. त्या रीजनची व्याख्या 'ठरावीक गट सोडून बाकी सगळे चालतील' अशी असल्यामुळे आपला नवा गट वेगळं काही न सांगता त्यात सामावतो. कॉमेंटमध्ये तोच शब्द आला तर तो रंगत नाही.

पण मग 'सोर्सेस' दुसऱ्या कुठल्याही आज्ञेच्या कंसातही रंगेल ना?

रंगेल. ते टाळायचं असेल तर फंक्शनच्या कीवर्डला 'नेक्स्टग्रुप' देऊन स्वतःचं रीजन सुरू करता येतं, आणि मग तिथल्या स्ट्रिंग, व्हेरिएबल, कॉमेंट यांचे गट 'कंटेन्स'मध्ये एकेक करून नोंदवावे लागतात. मी हे एकदा पूर्ण लिहून पाहिलं आणि नंतर काढून टाकलं. चुकलेला शब्द फिका दिसणं हा हेतू साध्या मार्गानंही साधतो. ज्यांची फंक्शन्स 'नेम', 'टाइप' असे अगदी सर्वसाधारण कीवर्ड वापरतात, त्यांनीच हा लांबचा रस्ता धरावा.

व्हिमच्या नियमात 'सिंटॅक्स कीवर्ड' वापरू की 'सिंटॅक्स मॅच'?

शक्य तिथं 'कीवर्ड'. व्हिम कीवर्ड हॅश टेबलात ठेवतो, त्यामुळे पाचशे नावं घातली तरी वेग कमी होत नाही. 'मॅच' हा रेग्युलर एक्स्प्रेशनवर (मजकुराचा नमुना सांगणाऱ्या पॅटर्नवर) चालतो आणि प्रत्येक ओळीवर चालवून पाहावा लागतो. प्राधान्यातही 'कीवर्ड' वरचढ आहे. एकाच जागी दोन्ही लागू होत असतील तर 'कीवर्ड' जिंकतो.

'कीवर्ड' चालत नाही अशा दोन जागा आहेत. एक म्हणजे ज्या नावात 'इसकीवर्ड' या पर्यायात न बसणारं चिन्ह आहे. अंडरस्कोर चालतो, हायफन चालत नाही. सीमेकच्या फंक्शन्सना याचा त्रास नाही, पण मेकमध्ये हायफनची नावं सर्रास असतात. अँड्रॉइडच्या एनडीके या साधनसंचातला '$(कॉल माय-डिर)' हा मॅक्रो हे नेहमीचं उदाहरण. तिथं 'मॅच' लागतो. त्यातही एक खाच आहे: हायफन हा शब्दाचा शेवट धरला जातो, म्हणून नुसत्या 'माय-डिर'चा पॅटर्न 'माय-डिर-ओल्ड'चा अर्धा भागही रंगवून ठेवतो. नावापुढे स्वल्पविराम किंवा बंद होणारा कंस असेल तरच जुळावं, अशी अट पॅटर्नमध्ये घाला. 'सिंटॅक्स इसकीवर्ड' वापरून हायफन आत घेता येतो, पण त्यानं मूळ फाइलीतल्या शब्दसीमाही बदलतात, म्हणून मी ते करत नाही.

दुसरी जागा म्हणजे 'कंटेन्स', 'फोल्ड', 'डिस्प्ले', 'एक्स्टेंड' यांसारखे शब्द. हे 'सिंटॅक्स' आज्ञेचे स्वतःचे पर्याय आहेत, त्यामुळे कीवर्डच्या यादीत लिहिले तर व्हिम त्यांना पर्यायच समजतो. तुमच्या फंक्शनला 'डिस्प्ले' नावाचा कीवर्ड असेल तर त्याच्यासाठी वेगळी 'मॅच'ची ओळ लिहा.

मेकफाइलसाठी तसंच लिहिलं, पण रंग येतच नाही.

कारण तिथली रचना वेगळी आहे. व्हिमच्या मेक फाइलीत '$(' पासून ')' पर्यंतचा भाग 'मेकआयडेंट' या रीजनमध्ये असतो, आणि त्या रीजननं आत कोणाला येऊ द्यायचं याची छोटी, ठरलेली यादी बाळगलेली आहे. आपला गट तिच्यात नाही. म्हणून आपल्या ओळीत 'कंटेन्ड कंटेन्डइन=मेकआयडेंट' असं लिहायचं. 'कंटेन्डइन'मुळे मूळ फाइलीला हात न लावता आपला गट त्या रीजनमध्ये शिरतो.

कर्सरखालच्या शब्दाला कोणता गट लागलाय, हे कसं पाहायचं?

व्हिममध्ये 'सिनस्टॅक' हे फंक्शन कर्सरच्या जागी एकावर एक लागलेले सगळे गट देतं, आणि 'सिनआयडीॲट्र' त्यांची नावं. दोन्ही मिळून एक ओळ करून ती एखाद्या बटणाला बांधून ठेवा. रंग न येण्याच्या निम्म्या तक्रारी या एका ओळीनं सुटतात: वरच्या रीजनचं नाव दिसलं की 'कंटेन्डइन'पुढे काय लिहायचं ते कळलं.

निओव्हिममध्ये ०.९ पासून ':इन्स्पेक्ट' ही तयार आज्ञा आहे. व्हीएस कोडमध्ये कमांड पॅलेटमधून 'डेव्हलपर: इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स' निवडा.

यादी किती दिवस हातानं सांभाळायची?

एकही दिवस नाही. हातानं सांभाळलेली यादी महिन्याभरात शिळी होते. मग नव्या, बरोबर नावांनाही रंग मिळत नाही, आणि लोक फिक्या शब्दाकडे दुर्लक्ष करायला शिकतात. असा रंग नसलेलाच बरा.

माझी पद्धत अशी. प्रकल्पाच्या मुळाशी साध्या मजकुराच्या दोन फाइली: एकीत फंक्शन्सची नावं, दुसरीत कीवर्ड, एका ओळीवर एक शब्द. त्या एक छोटी शेल स्क्रिप्ट तयार करते. नावं मिळवणं सोपं आहे. ओळीच्या सुरुवातीला, रिकामी जागा सोडून, 'फंक्शन(' किंवा 'मॅक्रो(' आणि त्यापुढचा पहिला शब्द 'सेड'नं उचलायचा, मग 'सॉर्ट'नं क्रम लावून दुहेरी काढायच्या.

कीवर्ड मिळवणं जरा अवघड, कारण ते सहसा आधी व्हेरिएबलमध्ये भरलेले असतात. इथं टीमनं एक शिस्त पाळली तर काम सोपं होतं. सीमेकच्या दस्तऐवजातल्या उदाहरणात 'ऑप्शन्स', 'वनव्हॅल्यूआर्ग्ज' आणि 'मल्टीव्हॅल्यूआर्ग्ज' अशी तीन व्हेरिएबल्स वापरली आहेत. सगळ्यांनी तीच नावं ठेवली, की त्या तीन नावांच्या 'सेट(' ओळी शोधून शब्द काढता येतात. आमच्याकडे काहींनी वेगळी नावं ठेवली होती. ती बदलायला एक दुपार पुरली.

मग 'आफ्टर'मधली फाइल यादी स्वतः न बाळगता ती शोधून वाचते. 'फाइंडफाइल'ला मार्गाच्या शेवटी अर्धविराम दिला की ते चालू फोल्डरापासून वर वर शोधत जातं. सापडलेली फाइल 'रीडफाइल'नं वाचायची, आणि शब्द जोडून 'एक्झिक्यूट'नं 'सिंटॅक्स कीवर्ड'ची ओळ चालवायची. प्रत्येक प्रकल्पाला आपोआप त्याची स्वतःची यादी मिळते.

एक गोष्ट इथं मनापासून सांगतो. 'एक्झिक्यूट'पूर्वी यादी गाळून घ्या: ज्या ओळीत फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर आहेत तेवढ्याच ठेवा. दुसऱ्याकडून आलेल्या प्रकल्पातल्या फाइलीत उभी रेघ घालून पुढे भलतीच आज्ञा लिहिलेली असली, तर ती तुमच्या मशीनवर चालायला नको. ही गाळणी म्हणजे एक ओळ आहे. गाळून काहीच उरलं नाही तर 'एक्झिक्यूट' करूच नका.

निओव्हिममध्ये हेच केलं, काहीच होत नाही.

बहुतेक तिथं ट्री-सिटर चालू आहे. ट्री-सिटर हा मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी ॲटम एडिटरसाठी सुरू केलेला पार्सर. तो रेग्युलर एक्स्प्रेशनवर न विसंबता फाइलीचा पूर्ण व्याकरणवृक्ष उभा करतो. निओव्हिममध्ये एखाद्या बफरला त्याचे रंग सुरू झाले की तिथलं जुनं 'सिंटॅक्स' बंद केलं जातं. तुमची 'आफ्टर/सिंटॅक्स' फाइल मग निरर्थक ठरते.

तिथं 'आफ्टर/क्वेरीज/सीमेक' या फोल्डरात 'हायलाइट्स.एससीएम' फाइल करायची. पहिल्या ओळीत अर्धविराम आणि 'एक्स्टेंड्स' हा शब्द हवाच. तो नसेल तर तुमची फाइल मूळ क्वेरीत भर पडेल अशी धरली जात नाही. त्याखाली आज्ञेच्या नावाचा नोड पकडून त्याला हवं ते कॅप्चर द्यायचं. नोडची नावं ':इन्स्पेक्टट्री'नं समोर दिसतात, अंदाज बांधायची गरज नाही. नावांची यादी 'एनी-ऑफ?' या अटीत देता येते, पण ती कॅपिटल-स्मॉल भेद पाळते. सीमेकच्या नावांसाठी 'मॅच?' वापरून पॅटर्नच्या सुरुवातीला उलटी तिरकी रेघ दोनदा आणि मग 'सी' लिहा. कीवर्डसाठी मात्र 'एनी-ऑफ?'च योग्य, कारण तिथं भेद हवाच आहे.

एवढं करूनही रंग दिसला नाही तर लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोड समजून एडिटरला माहिती पुरवणारा वेगळा प्रोग्राम, तपासा. ट्री-सिटरच्या रंगांचं प्राधान्य १०० असतं आणि सर्व्हरकडून येणाऱ्या सिमँटिक टोकनचं (शब्दाच्या अर्थावरून दिलेल्या रंगाचं) त्याहून वरचं, १२५ पासून. सर्व्हर त्या शब्दाला काही वेगळंच समजत असेल तर त्याचाच रंग वर बसतो. आपल्या क्वेरीत प्राधान्य वाढवून घेता येतं.

व्हीएस कोडमध्ये सेटिंगमधूनच होईल का?

अर्धंच होईल. सेटिंगमधल्या 'एडिटर.टोकनकलरकस्टमायझेशन्स'नं आधीच ओळखल्या गेलेल्या गोष्टीचा रंग बदलता येतो, पण नवा शब्द ओळखायला शिकवता येत नाही. त्यासाठी छोटं एक्स्टेन्शन लागतं. घाबरू नका, त्यात प्रोग्रामिंग नाही, जेसनच्या दोन फाइली आहेत.

'पॅकेज.जेसन'मध्ये 'काँट्रिब्यूट्स'खाली 'ग्रामर्स', त्यात आपल्या व्याकरणाचं स्कोपनेम, फाइलीचा मार्ग, आणि 'इंजेक्टटू'मध्ये 'सोर्स.सीमेक'. दुसऱ्या फाइलीत 'इंजेक्शनसिलेक्टर' म्हणून 'एल:सोर्स.सीमेक -कॉमेंट -स्ट्रिंग'. 'एल:'मुळे आपले नियम मूळ नियमांच्या आधी पाहिले जातात. पुढची दोन वजा चिन्हं विसरलात तर कॉमेंटमधली आणि अवतरणातली नावंही रंगू लागतील. बहुतेकांची पहिली चूक हीच असते.

इथलं व्याकरण टेक्स्टमेट धर्तीचं आहे आणि त्याचा प्रत्येक पॅटर्न एका वेळी एकच ओळ पाहतो. फंक्शनच्या नावाला याची अडचण नाही, कारण सीमेकमध्ये नाव आणि उघडणारा कंस एकाच ओळीवर असावे लागतात. कीवर्ड मात्र अनेक ओळींवर पसरलेले असतात. फक्त आपल्याच फंक्शनच्या कंसात ते रंगवायचे असतील तर 'बिगिन' आणि 'एंड' असलेला नियम लिहावा लागतो, आणि त्याच्या आतल्या 'पॅटर्न्स'मध्ये 'सोर्स.सीमेक' पुन्हा सामील करावं लागतं. नाहीतर त्या कंसातल्या स्ट्रिंग आणि व्हेरिएबल्सचे रंग उडतात.

तयार झाल्यावर 'व्हीएससीई'नं व्हीएसआयएक्स फाइल बांधा आणि 'इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स'नं बसवा. ही फाइल टीमला देणंही सोपं. यादी बदलली की पुन्हा बांधावी लागते, हा मात्र व्हिमच्या मानानं तोटा आहे.

ईमॅक्समध्ये?

सगळ्यात कमी श्रम इथं. सीमेक मोडच्या हुकमध्ये 'फाँट-लॉक-ॲड-कीवर्ड्स'ला पहिला आर्ग्युमेंट 'निल' द्या, म्हणजे भर चालू बफरपुरती राहते. नावांची यादी 'रेजेक्सप-ऑप्ट'ला 'सिंबॉल्स' या पर्यायासह द्या. ते यादीतून एकच आटोपशीर पॅटर्न बनवतं आणि अंडरस्कोर शब्दाचाच भाग धरतं. कॉमेंट आणि स्ट्रिंग आधीच रंगून झालेल्या असतात, त्यामुळे तिथं आपला नियम घुसत नाही.

इतर एडिटर?

सब्लाइम टेक्स्ट ४ मध्ये 'एक्स्टेंड्स' लिहून असलेल्या व्याकरणावर नवं उभारता येतं, आणि 'मेटा_प्रीपेंड'नं एखाद्या काँटेक्स्टच्या सुरुवातीला आपले नियम घालता येतात. नोटपॅड++मध्ये स्टाइल कॉन्फिगरेटरमधल्या 'यूझर-डिफाइन्ड कीवर्ड्स'च्या चौकटीत रिकामी जागा सोडत शब्द लिहिले की झालं.

रंग कोणता द्यावा?

थेट रंगाचा क्रमांक लिहू नका, असलेल्या गटाला जोडा. बहुतेक थीम लागू होतानाच आधीचे सगळे रंग पुसतात, त्यामुळे थीम बदलली की थेट दिलेला रंग जातो. जोडलेला गट थीमप्रमाणे बदलतो आणि उजेडात, अंधारात दोन्हीकडे वाचता येतो.

मूळ आज्ञा आणि आपली फंक्शन्स एकाच रंगात असावीत का, यावर मतं वेगळी आहेत. मला वेगळा रंग हवा असतो. वाचताना लगेच कळतं की याचा अर्थ सीमेकच्या दस्तऐवजात शोधायचा की आपल्याच कोडमध्ये. टीममध्ये कोणाला रंग ओळखायला अडचण असेल तर आपल्या गटाला ठळक किंवा तिरपं वळणही द्या.

फाइल नेहमीच्या नावाची नाही, म्हणून काहीच रंगत नाही.

मग प्रश्न फाइलटाइपचा आहे. ':सेट फाइलटाइप?' विचारून पाहा. उत्तर रिकामं असेल तर 'एफटीडिटेक्ट' फोल्डरात एका ओळीचं ऑटोकमांड लिहून ते एक्स्टेन्शन सीमेकशी जोडा. व्हीएस कोडमध्ये हेच काम 'फाइल्स.असोसिएशन्स' करतं.

मोठ्या फाइलीत स्क्रोल अडखळतो. आमच्या भरीमुळे?

मोजून पाहा. ':सिनटाइम ऑन' करा, फाइल वर-खाली फिरवा, मग ':सिनटाइम रिपोर्ट'. सगळ्यात जास्त वेळ खाणारा पॅटर्न वर दिसतो. कीवर्ड या तक्त्यात येतच नाहीत. दोष असलाच तर तुमच्या एखाद्या 'मॅच'चा. मोठ्या यादीचा एकच लांबलचक 'मॅच' लिहिला असेल तर तो 'कीवर्ड'मध्ये बदला.

वेबवर कोड पाहताना हे रंग दिसतील का?

नाही. गिटहबवर कोणती फाइल कोणत्या भाषेची हे त्याचा लिंग्विस्ट नावाचा प्रोग्राम ठरवतो, आणि त्याला तुमच्या यादीची माहिती नसते. '.गिटॲट्रिब्यूट्स' फाइलीत 'लिंग्विस्ट-लँग्वेज' लिहून अनोळखी एक्स्टेन्शनच्या फाइलीला सीमेकचे मूळ रंग मिळवून देता येतात, एवढंच.

यादीची फाइल गिटमध्ये ठेवावी का?

ठेवावी. निर्माण केलेल्या फाइली गिटमध्ये नसाव्यात हा नियम मी इतरत्र पाळतो, पण इथं अपवाद करतो. नव्या माणसानं प्रकल्प उतरवला की पहिल्या मिनिटापासून रंग बरोबर हवेत. यादी ताजी आहे का हे सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) तपासा: स्क्रिप्ट पुन्हा चालवा आणि 'गिट डिफ'मध्ये फरक निघाला तर पायरी नापास करा. याचा आणखी एक उपयोग नंतर लक्षात आला. कोडची समीक्षा करताना या फाइलीत नवी ओळ दिसली की कोणीतरी नवं फंक्शन किंवा नवा कीवर्ड आणलाय हे सगळ्यांना कळतं, आणि 'हे आधीच दुसऱ्या नावानं आहे' असं सांगायची वेळ योग्य जागी येते.

काही फंक्शन्स स्क्रिप्ट चालताना तयार होतात. ती यादीत कशी येणार?

'सेड'नं येणार नाहीत. सीमेक ३.१८ पासून 'सीमेक_लँग्वेज' या आज्ञेनं मजकुरातून कोड चालवता येतो, आणि मेकमध्ये 'डिफाइन' व 'इव्हॅल' मिळून हेच करतात. अशा नावांसाठी मी तिसरी, हातानं लिहिलेली छोटी फाइल ठेवतो. स्क्रिप्ट तिच्यातली नावं मुख्य यादीत मिसळते. आमच्याकडे अशी सात नावं होती. त्यातली पाच साध्या फंक्शनमध्ये बदलता आली, दोन अजून त्या फाइलीत आहेत.